अत्तारांच्या दुकानचं तेल

"हे कुणी आणलं?"

मी भाकरी थापत होते. मागं वळून पाहिलं, तर आप्पा दारात उभे, हातात तेलाची बाटली. माझ्या सासऱ्यांचा आवाज चढलेला मी तोवर कधी ऐकला नव्हता.

"मीच आणलं, आप्पा. रविवारच्या बाजारातून. वास अगदी तुमच्या तेलासारखा आहे बघा, आणि निम्म्या किमतीत."

मला शाबासकीची आशा होती. त्या घरात पैसा वाचवणाऱ्याचं फार कौतुक व्हायचं, आणि माझ्या वाट्याला ते कधी आलं नव्हतं. आप्पांनी बूच काढलं, बाटली नाकाशी नेली आणि मुकाट्यानं ओट्यावर ठेवून दिली.

"परत देऊन ये."

"बाजारातलं कोण परत घेणार, आप्पा?"

"मग समईत घाल. माझ्या डोक्याला हे चालायचं नाही."

माझ्या डोक्याला, म्हणे! मी ओठ चावून हसू आवरलं. कारण आप्पांच्या डोक्यावर कानामागची पांढरी लव सोडली, तर औषधालाही केस नव्हता. माझं लग्न झालं तेव्हाही नव्हता. तेल कुठं जिरत असेल, याचा मला रोज प्रश्न पडायचा.

आता हे नीट समजायचं, तर आप्पा काय चीज होते ते सांगायला हवं. साताऱ्याच्या एसटी डेपोत त्यांनी सबंध नोकरी स्टोअरकीपर म्हणून काढली. जुना नट आणून दाखवल्याशिवाय नवा नट द्यायचा नाही, हा त्यांचा तिथला नियम, आणि तोच त्यांनी घरात आणला होता. टूथपेस्टची ट्यूब संपली की कात्रीनं उभी चिरायची आणि आतून ब्रश फिरवायचा. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवायची. दुधाची पिशवी रिकामी झाली की तिच्यात पाणी घालून खळबळायचं आणि ते चहाच्या आधणात ओतायचं. डोक्याला लावायचा शाम्पू असो की भांड्याची पावडर, तळाला गेली की तिच्यात भर घालून ती पुरवायची. आप्पांना 'संपलं' हा शब्दच मान्य नव्हता. आणि दिव्यांचं तर विचारूच नका. खोलीतून माणूस बाहेर पडला की आप्पांचा हात बटणावर. आप्पा घरभर फिरले की त्यांच्या मागोमाग अंधार फिरायचा.

आणि मी कोल्हापूरची, खानावळीतली मुलगी. आमच्याकडं रश्श्यावर तर्री तरंगली नाही, तर गिऱ्हाईक ताट मागं सारायचं. माझा हात सैल. पहिल्याच आठवड्यात मी आमटीला फोडणी घातली, तेव्हा सासूबाईंनी कढईत वाकून पाहिलं आणि उदयला म्हणाल्या, "तुझी बायको फार उधळी आहे रे." हे त्या मला ऐकू जाईल अशाच बेतानं म्हणाल्या होत्या. तेव्हा त्यांना दिसत होतं, आणि त्या शुद्धीतही होत्या.

अशा घरात हे एक तेल तेवढं राजेशाही थाटात नांदत होतं. पेठेतल्या रसूलभाई अत्तारांच्या दुकानात ते मिळायचं. दुकान एवढंसं, पण आत शिरलं की हिंग, बुक्का, धूप, कापूर, सगळ्यांचा मिळून एकच वास यायचा. रसूलभाई तिळाच्या तेलात वाळा, कचोरा आणि आणखी काय काय टाकून ते मुरवत. काय काय, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. उदयच्या सायकलीचं सीट फाटलं तर आप्पा त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधायला सांगत, पण या तेलाला रसूलभाई मागतील तेवढे पैसे मोजून देत. वर घासाघीसही करत नसत.

"आप्पांना म्हातारपणी नटायची हौस आली आहे," मी उदयला म्हणायचे.

"जाऊ दे गं. एवढी एकच तर चैन आहे त्यांची," तो म्हणायचा.

मलाही त्यात गंमतच वाटायची. कारण घरात हसण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, डोळे काचबिंदूनं गेले, आणि त्यामागून डोकं गेलं. आधी त्या शेजारणींची नावं विसरल्या, मग माझं, मग उदयचं. आपण डेपोमागच्या जुन्या क्वार्टरमध्येच राहतो आहोत, असं त्यांना वाटायचं. भिंत चाचपडत न्हाणीघर शोधायच्या आणि जिथं त्यांच्या हिशेबानं दार असायला हवं तिथं भिंत लागली की रडायच्या. हेही सोसलं असतं. पण त्यांनी परक्याच्या हातचं खाणं सोडलं, आणि सगळे परकेच झाले होते. मी घास पुढं केला की ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. एकदा मी हट्टानं भरवला, तर थुंकून टाकला आणि ओरडल्या, "कोण बाई ही? काय घालतेय मला?" उदयनं प्रयत्न केला, तर त्याच्या गालावर नखं उमटली.

खायच्या त्या फक्त आप्पांच्या हातून.

त्यामुळं आप्पांचं जगणं आईंच्या दोन वेळच्या जेवणाला बांधलं गेलं. लग्नकार्य नाही, गावाला जाणं नाही. जेवायची वेळ झाली की आप्पा हातपाय धुवायचे, तळव्यावर ते तेल घ्यायचे, टकलावर आणि मानेवर चोळायचे, खांद्यावर पंचा टाकायचे, आणि ताट घेऊन आईंच्या खोलीत जायचे. दिवा लावायचे नाहीत.

"आप्पा, दिवा तरी लावा की," मी एकदा म्हटलं होतं.

"कशाला? तिला दिसत नाही, आणि तिचं तोंड कुठं आहे ते मला ठाऊक आहे. वीज फुकट जाळायची?"

यावर आम्ही दोघं नवराबायको पोट धरून हसलो होतो. आत मात्र अंधारात आप्पांचा हलका आवाज यायचा. "घे. आ कर. भाताचा आहे." आणि आईंचं उत्तर, "गरम आहे हो." तेवढं ऐकलं की घर पुन्हा घरासारखं वाटायचं.

मग त्या वर्षी रसूलभाई वारले. आप्पा मातीला गेले आणि परत येताना एका पिशवीत तेलाच्या उरलेल्या बाटल्या घेऊन आले. रसूलभाईंचा एक मुलगा मिरजेला होता. दुकान दुसऱ्यानं घेतलं, पण अत्तर-धूप काढून टाकलं आणि प्लॅस्टिकच्या बादल्या आणि टब मांडले.

"तेल कोण करणार आता?" मी विचारलं.

"कुणी नाही. पोराला ठाऊक नाही. रसूल म्हणायचा, सांगीन सांगीन." आप्पा बाटल्या कपाटात लावत होते. "राहिलं."

त्या दिवसापासून आप्पा तेल थेंबानं वापरू लागले. तेव्हाच मला सुचलं की बाजारातलं स्वस्त तेल आणावं. आणि तेव्हाच ते माझ्यावर पहिल्यांदा चिडले. बाजारातली बाटली काही मी फेकली नाही. त्या घरात काही फेकत नसत. ती देवघरात समईशेजारी राहिली.

आप्पांना हर्नियाचा त्रास जुनाच होता. डॉक्टर ऑपरेशन सांगत आणि आप्पा पट्टा आवळून घेत. "तिला कोण भरवणार?" एवढंच म्हणत. पण पावसाळा सरत आला असताना एका सकाळी ते मोरीत वाकलेले सापडले, चेहरा पांढराफटक. डॉक्टर घरी येऊन गेले. ते उदयला बाहेर नेऊन म्हणाले, "आतडं अडकायला लागलंय. उद्या सकाळी दाखल करा. नाहीतर माझ्या हातात काही राहणार नाही."

उदय आत येऊन काही बोलायच्या आधीच आप्पा म्हणाले, "ऐकलं मी. उद्या जाऊ. आज संध्याकाळ मला लागेल."

संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. कपाटातली शेवटची बाटली काढून त्यांनी पलंगावर ठेवली होती. खालच्या बाजूला थोडं तेल होतं.

"बस शैला. दार लोटून घे."

मी बसले.

"उद्यापासून तिला तू भरवायचं."

"आप्पा, माझ्या हातचं त्या घेत नाहीत. तुम्हाला माहिती आहे."

"माझ्या हातचं तरी कुठं घेते?"

मला काही कळलं नाही. आप्पा बाटलीकडं बघत बोलत होते.

"मागं मी वाईला मुंजीला गेलो होतो बघ. तिथं सकाळी अंघोळ केली, तेल काही जवळ नव्हतं. रात्री परत आलो, तिच्याजवळ बसलो, म्हटलं, आलो गं. तर किंचाळली. म्हणाली, घरात परका माणूस शिरलाय. मी नाव सांगितलं. आवाज तर माझाच होता की! पण नाही. मला ढकलून दिलं तिनं. भिंतीला डोकं आपटलं माझं." त्यांनी टकलावरून हात फिरवला. "मला वाटलं, संपलं. सकाळी नेहमीसारखं तेल लावलं आणि चहा घेऊन गेलो. तर म्हणते कशी, अहो, कुठं होता तुम्ही? काल कुणीतरी आलं होतं घरात."

बाहेर उदय चपला काढत होता, त्याचा आवाज आला. आप्पा थांबले आणि मग आवाज आणखी खाली आणून बोलले.

"मला ती ओळखत नाही, शैला. या वासाला ओळखते. लग्नाच्या आदल्या दिवशी रसूलच्या बापानं हे तेल मला लावायला दिलं होतं. तेव्हापासून हेच. तेवढं एक राहिलंय तिच्या डोक्यात."

"हे तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? बायको मला विसरली, हे चारचौघांत सांगत फिरू?"

मी आजवर त्या तेलावरून त्यांना जेवढी हसले, ते सगळं मला त्या क्षणी आठवलं. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं नाही, हे बरं झालं. त्यांनी बाटली माझ्याकडं सरकवली.

"थेंबभर पुरे. कपाळाला, मानेला आणि मनगटाला. मनगट तिच्या नाकाजवळ येतं ना. हा पंचा खांद्यावर टाकायचा, याला वास बसलेला आहे. बोलायचं कमी. काही विचारलं तर नुसतं 'हं' म्हणायचं. भाकरी कुस्करून द्यायची, चावत नाही ती हल्ली. पाणी मध्ये द्यायचं नाही, खोकला येतो."

"आणि दिवा?"

आप्पा जरासे हसले. "दिवा नाही लावायचा. चुकून सावलीबिवली दिसली तर? आणि वीज कशाला जाळायची?"

ते दवाखान्यात गेले, त्याच दुपारी मी ताट घेऊन अंधारात शिरले. खिडकी बंद होती.  मी पलंगाच्या कडेला बसले. आईंचं नाक हललं. मला ते दिसलं नाही, ऐकू आलं.

"आलात?"

"हं," मी म्हटलं.

मी घास पुढं केला. त्यांनी तोंड उघडलं.

मला रडू आलं आणि त्याहून जास्त भीती वाटली. चारपाच घास झाले आणि त्या थांबल्या. त्यांनी माझं मनगट धरलं आणि बोटांवरून बोटं फिरवली.

"हात मऊ लागतोय आज."

मी पुढचा घास कालवला.

"डेपोत काम कमी झालं का?"

"हं."

"बरं झालं. फार राबता तुम्ही." आणि त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.

असं सुरू झालं. मी दोन्ही वेळा आप्पा व्हायचे. माझ्या आयुष्यात मी खरी काटकसर केली असेल, तर ती तेव्हा. बाटली तिरकी करून बुचाच्या आतल्या बाजूला लागेल तेवढंच तेल घ्यायचं, ते कपाळाला आणि मनगटाला टेकवायचं. पंचा धुवायला टाकायचा नाही, कुणाला हात लावू द्यायचा नाही. माझ्या आईनं मला तसं पाहिलं असतं, तर तिला मी आपली मुलगी वाटले नसते.

आणि सासूबाई त्या अंधारात आपल्या नवऱ्याशी बोलायच्या. कधी क्वार्टरचं छप्पर गळतंय म्हणून सांगायच्या, कधी उदयच्या शाळेतलं काहीतरी. एकदा घास गिळून त्या म्हणाल्या, "अहो, त्या सुनेला काही बोलू नका हं."

मी हात तसाच धरून राहिले.

"हात सैल आहे तिचा. पण भरभरून वाढते पोरगी. जेवणाऱ्याकडं बघून वाढते. मी तिला तोंडावर म्हणत नाही, शेफारेल."

"हं," मी म्हटलं. मला त्याशिवाय दुसरं काही म्हणायची परवानगी नव्हती.

संध्याकाळी मी डबा घेऊन दवाखान्यात गेले की आप्पा एकच विचारायचे.

"जेवली?"

"जेवल्या."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, लवकर येत जा."

आप्पा भिंतीकडं तोंड करून घ्यायचे. सुनेबद्दल काय म्हणाल्या, ते मी त्यांना सांगितलं नाही. ते माझ्यापाशीच ठेवलं.

आप्पांना लवकर सोडतील असं वाटलं होतं. पण टाका पिकला. ताप चढला, उतरला, पुन्हा चढला. डॉक्टर आज-उद्या करत राहिले, आणि मी रोज बाटली उजेडात धरून बघत राहिले. एक दिवस उदयनं मला तसं बघताना पाहिलं. मी त्याला सगळं सांगितलं होतंच. तो मिरजेला जाऊन रसूलभाईंच्या तिथल्या मुलालाही भेटून आला; त्यालाही काही ठाऊक नव्हतं. येताना बाजारातलं सर्वांत महाग तेल घेऊन आला. मी ते लावून गेले, तर आईंनी तोंड फिरवलं आणि म्हणाल्या, "कोण आहे?" स्वस्त काय नि महाग काय, ते ते नव्हतं. मी बाहेर आले, कपाळ-मनगट साबणानं खसखसून धुतलं, बुचाचा थेंब लावला आणि पुन्हा गेले. मगच त्या जेवल्या.

दुसऱ्याच दिवशी दुपारी मी घाईत, बाटलीकडं न बघताच थेंब लावून आत गेले, तर त्यांनी माझ्या हातातला घास ढकलला. ताट जमिनीवर सांडलं.

"आई..." माझ्या तोंडून निघालंच.

"अहो! अहो, इकडं या! कुणीतरी शिरलंय घरात!"

मी धावत बाहेर आले. बाटली उचलली. ती जड लागली. उजेडात धरली तर तेल अर्ध्यापर्यंत. काल तळाशी बोटभर होतं.

"उदय!"

तो मोठ्या उत्साहानं आला. "मीच केलं. देवघरातली ती बाजारातली बाटली तशीच पडली होती ना? म्हटलं, तूच म्हणत होतीस, वास जवळजवळ सारखाच आहे. थोडी भर घातली. आता आप्पा येईपर्यंत आरामात पुरेल."

मी त्याच्याकडं बघत राहिले. त्याच्या चेहऱ्यावर त्याच्या वडिलांसारखं समाधान होतं. ज्या घरात दुधाच्या पिशवीपासून शाम्पूपर्यंत सगळं असंच पुरवलं जायचं, तिथं वाढलेला मुलगा दुसरं काय करणार होता? मी बाटली त्याच्या नाकाशी धरली. त्यानं वास घेतला, आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"वेगळं काढता येणार नाही का?" तो म्हणाला.

तेलातून तेल कसं वेगळं काढणार? तो खाली बसला आणि दोन्ही हातांत डोकं धरून बसून राहिला.  

आता उरला होता पंचा. मी हात, कपाळ, मान, सगळं धुऊन काढलं. पंचा डोक्यावरून घेतला, त्याचं टोक मनगटाला गुंडाळलं आणि संध्याकाळी पुन्हा आत गेले.  आईंनी बराच वेळ नाकानं हुंगल्यासारखं केलं.

"उशीर केलात," त्या म्हणाल्या.

पंच्यावर मी त्यांना जेवू घालत राहिले. पण कापडाचा वास तो किती टिकणार? रोज त्यांचं हुंगणं लांबायचं. रोज 'आलात?' यायला जास्त वेळ लागायचा. घास कमी होत गेले. चार घास झाले की त्या थकायच्या, आणि मग कितीही केलं तरी तोंड उघडत नसत.

आप्पांना घरी सोडलं तेव्हा त्यांची रया गेली होती. उदयनं त्यांना रिक्षातून धरून आणलं. अंगाला औषधांचा आणि फिनेलचा असा वास होता की माझ्यासुद्धा नाकात बसला. ते खुर्चीवर टेकले आणि पहिलं काय विचारणार, ते मला ठाऊक होतं.

"जेवली?"

"थोडं थोडं जेवतात."

"बाटली आण."

मी आणली. काय सांगावं, कसं सांगावं, हे मी सकाळपासून ठरवत होते. ठरलेलं काहीच आठवलं नाही. आप्पांनी बूच काढलं, नाकाशी नेलं. दारात उदय उभा होता.

"भर कुणी घातली?"

"मी, आप्पा," उदय म्हणाला. "पुरावं म्हणून."

मला वाटलं, आता ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बूच सावकाश घट्ट बसवलं आणि बाटली स्टुलावर ठेवली.

"मीच शिकवलंय तुला," ते म्हणाले.

दिवेलागणीला मी आईंचं ताट वाढलं. मऊ भात, वर दूध. पंचा उचलला. तो नाकाशी नेला तर वास आता मला जेमतेम जाणवत होता. आप्पा भिंतीचा आधार घेत उठले.

"आप्पा, तुम्ही जा आत," मी म्हटलं. पंचा त्यांच्यापुढं धरला. "हा घ्या खांद्यावर. अजून थोडा आहे वास. एकदा तरी तुम्ही जा."

त्यांनी पंचा हातात घेतला. चेहऱ्यावर दाबला, आणि तसेच उभे राहिले.  मला वाटलं, ते जाणार. मी ताट त्यांच्यापुढं केलं. मग त्यांनी स्वतःच्या बाहीचा वास घेतला आणि मान हलवली.

"माझ्या अंगाला दवाखाना आहे. यावर हा टिकायचा नाही. ती घाबरेल, आणि आहे तेही खायची नाही." त्यांनी पंचा माझ्या डोक्यावर घातला, टोक माझ्या मनगटाला गुंडाळून दिलं, आणि गाठ नीट बसली का ते बघितलं. "तूच जा. चार घास जातील."

"पण आप्पा, हा वास उद्या नसला तर?"

"उद्याचं उद्या." ते म्हणाले. उद्या काय होणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मी आत गेले. ते माझ्या मागं आले आणि उंबऱ्यापाशी थांबले. मागं पॅसेजमधला दिवा चालू होता, त्याचा उजेड आईंच्या पायांवर पडला होता. पाय फार वाळले होते. मी बसले, मनगट त्यांच्या चेहऱ्याजवळ नेलं आणि थांबले. दारात आप्पाही श्वास रोखून उभे होते.

"आलात?" आई म्हणाल्या. आवाज अगदी खोल गेला होता.

"हं."

पहिला घास गेला. दुसरा गेला. मग त्यांनी मान दाराकडं वळवली आणि त्यांचा हात माझ्या दंडावर घट्ट बसला.

"अहो, दारात कोण आहे?"

मी दाराकडं पाहिलं. आप्पांनी ओठांवर बोट ठेवलं.

"कुणी नाही," मी जाडा आवाज काढून म्हटलं.

"आहे. मला वास येतोय. परका माणूस आहे." त्यांची बोटं माझ्या दंडात रुतली. "त्याला जायला सांगा. आपली जेवायची वेळ आहे."

 मी काय सांगणार होते, आणि कुणाला?

"जातो, बाई," आप्पा दारातून म्हणाले. परक्या माणसानं बोलावं तसं, अदबीनं. "चुकून आलो. जेवा तुम्ही."

आईंची पकड सैल झाली. त्यांनी तोंड उघडलं. मी घास उचलला. आप्पा भिंत धरत वळले, आणि जाता जाता सवयीनं पॅसेजमधला दिवा मालवून गेले.